अमोलिक सरांनी दिलेली शून्यं

अमोलिक सरांबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला आमच्या कॉलेजात कधी भेटला नाही. मीही बोललो नाही. उलट चौदा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो, आणि त्यांची नक्कल सगळ्यांत हुबेहूब कोण करतं यावर स्टाफरूमचं एकमत होतं. म्हस्के. म्हस्के म्हणजे मी. सर तासावर गेले की कुणीतरी म्हणायचं, "म्हस्के, होऊन जाऊ द्या." मग मी उठून मान डावीकडे कलती करायचो आणि नाकातून म्हणायचो, "पुढे?" हशा व्हायचा. त्या हशावर मी बरीच वर्षं काढली.

नक्कल अवघड नव्हती. सहा फूट उंची, पाठीत जरासा बाक, बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला एकच पेन, लाल. नगरच्या मे महिन्यातसुद्धा सँडलमध्ये तपकिरी मोजे. रोज श्रीरामपूरहून एसटीने यायचे, एसटीने जायचे, आणि बस उशिरा आली तर कंडक्टरला कारण विचारून ते मस्टरवर सहीशेजारी लिहायचे. मस्टरवर कारण लिहायला कुणीही सांगितलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी प्राचार्यांनी ते वाचलं, नंतर त्यांनी वाचणं सोडून दिलं. सरांनी लिहिणं सोडलं नाही.

"पुढे?" हा त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो ते सगळ्यांना विचारत. आमचा शिपाई भागवत एकदा दारात उभा राहून म्हणाला, "सर, उद्या येनार न्हाई. आई गेली."

सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "पुढे?"

"फुडं काय आसनार सर?" भागवत म्हणाला. "आमी समदी रडतोय."

सरांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, दोन बस बदलून भागवतच्या गावी गेले आणि मांडवात दुपारपर्यंत बसून राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. "ह्यो लांबोडका कोन म्हनायचा?" असं म्हाताऱ्या एकमेकींना विचारत होत्या, असं भागवतनं नंतर सांगितलं. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये चांगली रंगवून सांगायचो. सर गेले होते हा भाग मात्र गाळायचो. त्याने हशा कमी व्हायचा.

वर्गात त्यांचा विषय मॅट्रिक्सचा. कंसात मांडलेल्या आकड्यांचा चौकोन म्हणजे मॅट्रिक्स. प्रत्येक चौकोनाचं एक कॅरेक्टरिस्टिक इक्वेशन असतं, ते सोडवलं की त्याच्या आयगेन व्हॅल्यू मिळतात, म्हणजे त्या मॅट्रिक्सचे खास आकडे. या आकड्यांची बेरीज आणि चौकोनाच्या मुख्य कर्णावरची बेरीज एकच यावी लागते. बिचारा विद्यार्थी दोन फळे भरून गणित सोडवायचा, घाम पुसायचा आणि सरांकडे बघायचा. सर ते गणित बघतच नसत. उत्तराच्या तीन आकड्यांची तोंडी बेरीज करायचे, कर्णाची करायचे आणि सांगायचे, "जुळत नाही. बसा."

"पण सर, कुठं चुकलं?"

"ते तुम्हाला माहीत. चूक तुमची आहे, माझी नाही."

जुळलं तरी कौतुक नव्हतं. जुळलं तर "पुढे?"

मुलं त्यांना वैतागायची आणि माझ्याकडे यायची. मी लोकप्रिय होतो. माझ्या नोट्स कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायच्या. राहुरी, नेवासा, पार पाथर्डीपर्यंत जायच्या. नोट्समध्ये अवघड काही नसायचं. अवघड असेल ते मी दोन ओळींत बसवायचो. माझ्या तासाला मागच्या बाकावरसुद्धा जागा नसायची, हे मी बायकोला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ती म्हणाली, "मग पुढच्या बाकावर बसवा."

मूल्यांकन समिती आली तेव्हाची गोष्ट सगळ्या कॉलेजला पाठ आहे. सहा महिने आम्ही तक्ते रंगवत होतो. प्रत्येक विभागाने आपल्या नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धतींची यादी केली होती; माझ्या यादीत अकरा होत्या, त्यांतल्या नऊ मला त्या यादीतच पहिल्यांदा भेटल्या. समितीचे अध्यक्ष परप्रांतातले, मोठे गोड गृहस्थ. त्यांनी नेमकं सरांना गाठलं आणि इंग्रजीत विचारलं की तुम्ही वर्गात कोणती साधनं वापरता?

"खडू," सर म्हणाले.

अध्यक्ष हसले. "आणखी?"

सरांनी विचार केला. मनापासून केला, हे मला दिसत होतं. "डस्टर."

प्राचार्यांनी त्या दिवशी जेवताना सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला सांगितली. सर तिथे बसून जेवले, पुरी मागून घेतली, आणि वाढणाऱ्याला विचारलं की इथे कोण येणार आहे?

नाताळात ते फराळाचा डबा आणायचे. अमोलिकबाई शाळेत शिकवायच्या, आणि त्यांच्या करंज्यांना तोड नव्हती. पण सर वाटायचे प्रत्येकी दोन करंज्या आणि एक चकली. कुणी तिसऱ्या करंजीला हात घातला की म्हणायचे, "अहो, ती ग्रंथपालांची." ग्रंथपाल रजेवर असले तर ती करंजी कागदात बांधून त्यांच्या टेबलावर जायची आणि तिथे मुंग्या लागून संपायची. आम्ही करंज्या खायचो आणि ते तासावर गेले की त्यांना हसायचो, तोंडात खोबरं असतानाच.

कच्चं काम ते लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला करायचे. ज्या लग्नाला जायचं नसेल त्याच पत्रिका त्यासाठी वापरायच्या, असा त्यांचा नियम असावा, कारण त्यांच्याकडे पत्रिका भरपूर होत्या. प्राचार्यांच्या मुलीची पत्रिका, सोनेरी कडांची, तीही त्या गठ्ठ्यात होती. तिच्याच मागे त्यांनी मला जे लिहून दाखवलं, त्याबद्दल मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ते वर्ष होतं सरांच्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधीचं. विद्यापीठाच्या पेपर तपासणीचं केंद्र आमच्याच कॉलेजात होतं. जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांचे गठ्ठे तिथे यायचे, सर परीक्षक होते आणि मी मॉडरेटर. म्हणजे परीक्षकांनी तपासलेले काही पेपर मी पुन्हा बघायचे आणि वाद झाला तर माझा शब्द शेवटचा. वयाने आणि ज्ञानाने हे उलट असायला हवं होतं. पण मॉडरेटरला सगळ्यांशी गोड बोलावं लागतं, आणि सरांकडे ती सोय नव्हती.

पेपरात सहा मार्कांचा प्रश्न होता. मॅट्रिक्सच्या अभ्यासात दोन साहेबांच्या नावाने एक प्रमेय आहे. प्रत्येक चौरस मॅट्रिक्स स्वतःचं कॅरेक्टरिस्टिक इक्वेशन पाळतं, असं ते सांगतं. म्हणजे त्या समीकरणात लॅम्डा या आकड्याच्या जागी ते मॅट्रिक्सच ठेवलं, तर उत्तर शून्य मॅट्रिक्स येतं. प्रमेय खरं आहे. सिद्धता दीड पानाची आहे. माझ्या नोट्समध्ये ती दोन ओळींची होती: समीकरण मिळतं ते A वजा लॅम्डा I (I म्हणजे कर्णावर एक, बाकी शून्य) या मॅट्रिक्सच्या डिटरमिनंटवरून, म्हणजे त्या चौकोनातून काढलेल्या एका आकड्यावरून, लॅम्डाच्या जागी A ठेवा, A वजा A शून्य, शून्याचा डिटरमिनंट शून्य, सिद्ध झालं. मुलांना ती फार आवडायची. मला तर ती इतकी आवडायची की त्या 'सिद्ध झालं'खाली मी एक वळणदार बाण काढायचो.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत सर माझ्या टेबलाशी आले. "म्हस्के, दोन मिनिटं आहेत?"

व्हरांड्यात त्यांनी ती सोनेरी पत्रिका काढली. "प्रश्न चार. जवळजवळ सगळ्या पेपरांत एकच सिद्धता आहे. मी शून्य दिलंय."

"शून्य? सर, पूर्ण शून्य?"

"मग अर्धं शून्य देऊ?" ते म्हणाले. "लॅम्डा हा आकडा आहे. आकड्याच्या जागी अख्खं मॅट्रिक्स घुसवून वर डिटरमिनंट काढताय. आमटीत मीठ घाला म्हटलं तर तुम्ही पातेलंच आमटीत घालताय."

"पण उत्तर बरोबर येतंय ना सर."

"बरं. तुमचीच युक्ती घेतो. डिटरमिनंट नको, कर्णाची बेरीज घेतो." त्यांनी लिहिलं: एक, दोन, खाली तीन, चार. "लॅम्डाच्या जागी A. A वजा A शून्य, शून्याची बेरीज शून्य. आता हीच बेरीज लॅम्डा ठेवून काढली तर एक आणि चार यांतून प्रत्येकी एक लॅम्डा जातो, म्हणजे पाच वजा दोन लॅम्डा. म्हणजे तुमच्या युक्तीप्रमाणे पाच I वजा दोन A हे शून्य यायला पाहिजे. काढा."

मी काढलं. तीन, उणे चार, उणे सहा, उणे तीन. एकही शून्य नव्हतं.

"युक्ती खरी असती तर इथंही चालली असती," सर म्हणाले.

बारा वर्षं मी ती सिद्धता शिकवली होती. पण चेहऱ्यावर मी मॉडरेटरच राहिलो.

मग सर हळू आवाजात म्हणाले, "बाण सगळ्या पेपरांत एकाच ठिकाणी आहे. तो कुणाचा हे मला माहीत आहे. मी कुणाला बोलणार नाही. तुम्ही फक्त मॉडेल आन्सर दुरुस्त करा."

मी म्हणालो, "बघतो."

त्या 'बघतो'मध्ये मी काय बघणार होतो हे मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. कुठून तरी बातमी फुटली होती की नगरला एक परीक्षक जिल्हाभराच्या पोरांना शून्य देतोय. निकाल घसरणार, संस्थांची नावं जाणार. केंद्रप्रमुख आले, पाठोपाठ आमचे प्राचार्य, आणि सगळ्या परीक्षकांसमोर सरांना उभं करण्यात आलं.

"अमोलिक सर, सगळी पोरं एकदम चुकतील का हो?" केंद्रप्रमुख म्हणाले.

"चुकली आहेत. एकाच ठिकाणाहून उतरवली की एकदमच चुकतात."

"कुठल्या ठिकाणाहून?"

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते माझं काम नाही."

केंद्रप्रमुख माझ्याकडे वळले. "म्हस्के सर, तुम्ही मॉडरेटर. तुम्ही सांगा. सिद्धता बरोबर की चूक?"

खोलीत वीस-बावीस माणसं होती. नक्कल करायला उठताना ज्या चेहऱ्यांकडे मी बघायचो तेच चेहरे. चूक म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, ही आली कुठून.

मी म्हणालो, "या लेव्हलला चालते."

बस. एवढंच. प्राचार्यांनी मान डोलावली. सर म्हणाले, "मग त्या मुलीचं काय?"

"कुठली मुलगी?"

गठ्ठ्यात एक पेपर होता. त्या मुलीने इंग्रजीत लिहिलं होतं की मला सिद्धता येत नाही, पण दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सवर पडताळून दाखवते. आणि नीट दाखवलं होतं. सरांनी तिला दोन मार्क दिले होते.

"जिने येत नाही म्हणून लिहिलं तिला दोन," सर म्हणाले, "आणि ज्यांनी खोटं लिहिलं त्यांना सहा?"

"अहो, चिडता कशाला?" केंद्रप्रमुख म्हणाले. "तिला पण देऊन टाकू सहा."

"नको. तिचे दोनच राहू द्या. ते खरे आहेत."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

पेपरावर खाडाखोड झाली की परीक्षकाला तिथे छोटी सही करावी लागते. सरांनी एकाही खाडाखोडीवर सही केली नाही. त्या सह्या मी केल्या. दोन दिवस लागले. शून्य खोडायचं, सहा लिहायचा, सही करायची. मध्ये एकदा भागवत चहा ठेवून गेला. जाताना म्हणाला, "लई सह्या झाल्या सर तुमच्या." त्याचा काही हेतू नव्हता. मला तो चहा गेला नाही.

सरांना परीक्षाकामातून काढलं. अहवालात लिहिलं होतं की परीक्षकांची मनःस्थिती तपासणीस अनुकूल नाही. खाली माझी सही होती. विभागप्रमुखपद सेवाज्येष्ठतेने त्यांच्याकडे जायचं होतं. "दोनच वर्षं राहिलीत, कशाला त्रास," असं म्हणून प्राचार्यांनी ते मला दिलं. मी नको म्हणालो नाही. उरलेली दोन वर्षं सर माझ्या शेजारच्या खुर्चीतच बसले, नाताळात डबा आणला, आणि मला दोन करंज्या, एक चकली दिली. एक कमी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. नक्कल मी बंद केली. लोकांना वाटलं, साहेब झाला.

निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीबद्दल भाषणं केली. मीही केलं. मी त्यांना 'तत्त्वनिष्ठ' म्हणालो. सरांनी ऐकलं आणि उत्तराच्या भाषणात "आभारी आहे" एवढे दोनच शब्द बोलले. हार टेबलावर विसरून ते बस पकडायला गेले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, मी श्रीरामपूरला त्यांच्या घरी गेलो. का गेलो? माझी मुलगी पुण्यात गणितातच एमएस्सी करते. सुट्टीत सावेडीच्या घरी आली असताना कपाटातल्या माझ्या जुन्या नोट्स चाळत बसली आणि हसायला लागली. "बाबा, हे बघा ना. ही तर चुकीच्या सिद्धतांमधली सगळ्यांत गाजलेली. आमचे सर पहिल्याच आठवड्यात दाखवतात, असं करायचं नाही म्हणून. ह्या नोट्स कुणाच्या?" नोट्सच्या वरचं पान फाटलेलं होतं. मी म्हणालो, "असतील कुणाच्या तरी." दुसऱ्याच दिवशी एसटीत बसलो.

दार अमोलिकबाईंनी उघडलं. मी नाव सांगितलं. "हं. म्हस्के," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पाणी आलं नाही.

सर थकले होते. हातात काठी आली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: नोट्स, भीती, सह्या, अहवाल. बोलताना स्वतःच्या पश्चात्तापाचं मला थोडं समाधानही वाटत होतं, हेही कबूल करतो.

सर म्हणाले, "हे तुम्ही मला सांगताय? मीच तुम्हाला दाखवलं होतं."

"माफ करा सर."

"मी कोण माफ करणार? मी परीक्षाकामातून बाद माणूस." मग त्यांनी विचारलं, "नोट्स बदलल्या?"

"नाही सर."

"अजून तीच सिद्धता चालते?"

"मुलांना सोपी पडते सर. आणि त्या तपासणीत मान्य झाली म्हणून आता सगळीकडेच मार्क देतात."

"म्हणजे तुम्ही ती खरी करून टाकलीत." ते पहिल्यांदा हसले. हसणं चांगलं नव्हतं. "मग जा. बसला उशीर होईल."

परतीच्या बसमध्ये माझ्या मनात आधी रागच होता. एवढ्या लांब गेलो, एवढं बोललो, आणि या माणसाला अजूनही मॉडेल आन्सरच पाहिजे! राहुरी मागे पडेपर्यंत मी हेच घोकत होतो. नगर आल्यावर घोकण्यासारखं काही उरलं नाही.

सोमवारी मी तासाला फळ्यावर ती दोन ओळींची सिद्धता लिहिली आणि सांगितलं, "ही चूक आहे. नोट्स माझ्या आहेत. चूक माझी आहे." मग पुढच्या बाकावरून एक हात वर झाला.

"सर, परीक्षेत कुठली लिहायची?"

मी म्हणालो, ही लिहिलीत तर शून्य. त्यांना ते खरं वाटलं नाही. अंतर्गत परीक्षा झाली, बहुतेकांनी तीच लिहिली आणि मी शून्यं दिली. आठवडाभरात अर्ज आला, त्याखाली बऱ्याच सह्या होत्या. नव्या प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "म्हस्के सर, हे काय? तुमचा अमोलिक झाला की काय?" त्यांनी सरांना पाहिलेलंही नाही. नाव मात्र कॉलेजात टिकलंय. मी शून्यं बदलली नाहीत. अर्ज वर गेला आहे. माझ्या मनःस्थितीबद्दल काय लिहितात ते बघायचं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते श्रीरामपूरच्या रेल्वे फलाटावर. घरी गेलो होतो तर बाई म्हणाल्या, लेकीला गाडीत बसवायला गेलेत. या वेळी त्यांनी आधी पाणी दिलं. मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटून गेली होती आणि सर काठी टेकत जिन्याकडे येत होते.

"सर, शून्यं दिली."

ते थांबले. "किती जणांना?"

"जवळजवळ सगळ्यांना."

"तक्रारी?"

"सगळ्यांनी केल्या. एक जण सोडून. नागापूरला एमआयडीसीत रात्रपाळी करून कॉलेजला येतो. तो तक्रार करायला नव्हता आला. विचारत होता, खरी सिद्धता कशी असते."

"सांगितली?"

"उद्या बोलावलंय. पहिल्या तासाच्या आधी."

सरांनी स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दीड पान आहे. तुम्ही स्वतः शेवटची कधी लिहून काढली होती?"

स्वतःच्या हाताने मी ती कधीच लिहिली नव्हती, फक्त वाचली होती.

"मग इथं काय करताय?" सर म्हणाले. "घरी जा. बसून लिहून काढा."

आणि ते निघाले. जिना टाळून फलाटाच्या उताराकडे वळले, एका हाताने कठड्याचा आधार घेत, हमालाच्या ढकलगाडीला वाट देण्यासाठी एकदा थांबले, आणि मागे न बघता खाली उतरून दिसेनासे झाले. मी बसस्टँडकडे धावलो.